नोकरीबरोबर येणारे आरोग्यछत्र आणि घराचा हिशेब

पगारपावती हाती आली की आपली नजर प्रथम तळाच्या आकड्याकडे जाते. वर कपातीच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधी, व्यवसायकर आणि कर्जाचा हप्ता यांच्या शेजारी आरोग्यविम्याची एक बारीक ओळ असते. ती दरमहा दिसते, म्हणूनच बहुधा वाचली जात नाही. "दवाखान्याचे कंपनी बघते" या एका वाक्यावर अनेक कुटुंबे निर्धास्त असतात. मात्र कंपनी नेमके काय बघते, कोणाचे बघते आणि किती दिवस बघते, हे प्रश्न बहुतेकदा इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीपाशीच प्रथम विचारले जातात.

या प्रश्नांचा विचार आकड्यांच्या आधी एखाद्या प्रत्यक्ष वस्तीवरून करणे सोयीचे ठरेल. छत्तीसगडमधील भिलाईची खुर्सीपार ही कामगारवस्ती त्यासाठी योग्य आहे. नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यछत्राचे जवळजवळ सर्व प्रकार तेथे शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यातील तफावतही तेथे उघड दिसते.

एक वस्ती, तीन छत्रे

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत रशिया यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. पुढे चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वेळी दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि १९५६ पूर्वीच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी तर नागपूरच होती. हावडा-मुंबई लोहमार्गाने गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग असा सरळ प्रवास होत असल्याने विदर्भातील मराठी कुटुंबांना भिलाई परकी वाटली नाही. आंध्र, ओडिशा, बिहार, बंगाल आणि केरळ येथूनही माणसे आली. पॉवर हाऊस रेल्वे स्थानकाजवळची, कारखान्याला लागून असलेली खुर्सीपारची वस्ती अशा सरमिसळीतून वाढली.

या वस्तीतील पहिले छत्र कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्याचे. भिलाई पोलाद कारखाना हा स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे 'सेल'चा घटक आहे. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू चिकित्सालय हे कारखान्याचे मुख्य रुग्णालय असून तेथील भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांचा लौकिक मध्य भारतभर आहे. कायम कर्मचारी आणि त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय यांच्या उपचाराची जबाबदारी येथे कंपनी स्वतःच उचलते. ही विम्यापेक्षाही जुनी रीत आहे. मालकाने कारखान्याबरोबर घरे, शाळा आणि दवाखानाही उभा करायचा, ही त्यामागची कल्पना.

दुसरे छत्र खासगी कारखान्यांतील कामगारांचे. पोलाद कारखान्याच्या आधाराने भिलाईत अनेक लहानमोठे उद्योग उभे राहिले. तेथील ठरावीक वेतनापर्यंतचे कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे आपल्या परिचयाच्या 'ई.एस.आय.'मध्ये येतात.

तिसरे छत्र नव्या पिढीचे. भिलाईत शिकून पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरीस गेलेल्या मुलामुलींना कंपनीकडून गट आरोग्यविमा मिळतो, आणि पुष्कळदा खुर्सीपारमधील आईवडिलांची नावेही त्या विम्यात घातली जातात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक घर डोळ्यांसमोर आणू. वडील पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, थोरला मुलगा खासगी कारखान्यात, धाकटा पुण्यात संगणक क्षेत्रात. स्वयंपाकघर एक असले तरी या घराची आरोग्यछत्रे तीन आहेत. प्रत्येकाचे नियम, मर्यादा आणि कागदपत्रे वेगळी. तिन्ही छत्रांत एक गोष्ट मात्र समान आहे. त्यांचे माप नोकरी पाहून घेतलेले आहे, कुटुंबाची गरज पाहून नव्हे. या दोन मापांतील फरक शेवटी घराच्या खिशातून भरून निघतो.

ही रीत आली कोठून?

जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, १८८३ मध्ये, कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा झाला. वर्गणी मालकाने व कामगाराने मिळून भरावी, हे तत्त्व तेव्हापासून जगभर पसरले. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. व्यापारी तत्त्वावरील 'मेडिक्लेम' आपल्याकडे बरेच उशिरा, १९८६ मध्ये, सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी आणले.

अमेरिकेत गोष्ट निराळ्या वाटेने गेली. महायुद्धात १९४२ मध्ये तेथे वेतनवाढीवर निर्बंध आले. कामगार टिकवून धरण्यासाठी मालकांनी वेतनाऐवजी आरोग्यविमा देऊ केला आणि पुढे त्याला करसवलतीचे बळ मिळाले. त्या तात्पुरत्या सोयीची आज सर्वव्यापी व्यवस्था झाली आहे. २०२४ च्या एका सर्वमान्य वार्षिक पाहणीनुसार अमेरिकेतील नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्यविम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यातील ६,२९६ डॉलर कर्मचारी स्वतः भरत होता. उरलेली रक्कम मालक भरतो असे दिसते. मात्र मालक ती वेतनखर्चातच धरतो, त्यामुळे पगारवाढ तेवढी रोडावते, असे बहुतेक अर्थतज्ज्ञांचे मत आहे. नोकरी सुटल्यावर 'कोब्रा' नावाच्या कायद्याने सामान्यतः १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण तेव्हा मालकाच्या वाट्यासह संपूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नोकरी बदलताना पगाराइतकीच विम्याची चौकशी करावी लागते ती त्यामुळेच.

पाचशे रुपयांची पगारवाढ

आता पुन्हा खुर्सीपारकडे वळू. थोरल्या मुलाचे मासिक वेतन २१,००० रुपये आहे असे समजू. ई.एस.आय.साठी वेतनाची ही कमाल मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर एकूण चार टक्के झाला. त्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के, तर कामगाराचा ०.७५ टक्के. या हिशेबाने कामगाराच्या पगारातून दरमहा १५७ रुपये ५० पैसे जातात आणि मालक ६८२ रुपये ५० पैसे भरतो. वर्षाला कामगाराचे १,८९० रुपये होतात. त्या मोबदल्यात तो, त्याची पत्नी, मुले आणि उत्पन्नाच्या अटीत बसणारे अवलंबित आईवडील यांना उपचार मिळतात. आजारपणातील वेतनभरपाई, अपघात व प्रसूतीचे लाभ निराळे. इतक्या अल्प वर्गणीत इतके व्यापक छत्र बाजारात विकत मिळणार नाही. दवाखान्यातील गर्दी, मोठ्या रुग्णालयाचे अंतर आणि पुढे पाठविण्याच्या कागदांचा विलंब या तक्रारी खऱ्या आहेत. तरीही बिलाच्या आकड्यावर अडणारी मर्यादा येथे नाही, हे मोठेच बळ आहे.

अशा कामगाराला पाचशे रुपयांची पगारवाढ मिळाली तर? वेतन २१,५०० झाले आणि तो मर्यादेबाहेर गेला. वर्षाचे ६,००० रुपये वाढले, वर्गणीचे १,८९० रुपये वाचले; एकूण ७,८९० रुपयांचा लाभ. आता त्याला कुटुंबासाठी खासगी विमा घ्यावा लागला आणि त्याचा वार्षिक हप्ता, केवळ उदाहरणादाखल, २०,००० रुपये धरला, तर पगारवाढीच्या वर्षी घरात १२,११० रुपयांची तूट येते. आईवडिलांना त्याच विम्यात घ्यायचे म्हटले तर तूट आणखी वाढते. बढतीचे पेढे वाटल्यानंतर काही महिन्यांनी हा हिशेब ध्यानात येतो.

येथे एक दिलासा आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. ई.एस.आय.मध्ये वर्गणीचे दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू असताना वेतन मर्यादेपलीकडे गेले तरी त्या कालखंडाच्या अखेरपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि तिच्याशी जोडलेल्या लाभाच्या कालखंडात नियमांनुसार उपचारही चालू राहतात. एप्रिल ते सप्टेंबर या वर्गणीचा लाभकाळ पुढील जानेवारी ते जून असा असतो. म्हणजे मे महिन्यात वाढ मिळालेल्या कामगारास पुढील वर्षाच्या जूनअखेरपर्यंत अवधी मिळू शकतो. खासगी विम्यात पहिले ३० दिवस अपघात वगळता इतर आजारांचा दावा सामान्यतः मिळत नाही आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. म्हणून हा अवधी संपण्याची वाट न पाहता पगारवाढीचे पत्र हाती येताच नवा विमा घेणे शहाणपणाचे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

गटविम्यातील न दिसणारे खर्च

धाकट्या मुलाच्या कंपनीचा गटविमा वरकरणी अधिक आकर्षक दिसतो. पहिल्या दिवसापासून छत्र, जुन्या आजारांनाही बहुधा प्रतीक्षाकाळ नाही, इस्पितळात रोख न भरता उपचार. मात्र करारपत्राच्या आतल्या पानांवर काही अटी असतात. आईवडिलांचा हप्ता पुष्कळ कंपन्यांत कर्मचाऱ्याच्याच पगारातून कापला जातो. बिलाचा ठरावीक टक्का विमाधारकाने भरावा, अशी सहभागाची अटही आईवडिलांच्या दाव्यांना लावलेली आढळते. प्रत्येक आजारासाठी उपमर्यादा असतात. आणि सर्वांत अधिक फसगत होते ती खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. विमारक्कम तीन लाख आणि खोलीभाडे प्रतिदिन विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये, अशी अट आहे. रुग्णाने ६,००० रुपये भाड्याची खोली घेतली आणि पाच दिवसांचे बिल पुढीलप्रमाणे झाले : खोलीभाडे ३०,०००, डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा १,२०,०००, औषधे व तपासण्या ४०,०००, एकूण १,९०,००० रुपये. बिल विमारकमेच्या आत आहे, तेव्हा सर्व पैसे मिळतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात खोलीभाड्याचे १५,००० मंजूर होतात आणि खोलीच्या दर्जाशी निगडित शुल्कही त्याच प्रमाणात निम्मे, म्हणजे ६०,०००, मंजूर होते. औषधे व तपासण्या यांना अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा विमा नियामकाचा २०२० पासूनचा दंडक असल्याने ते ४०,००० पूर्ण मिळतात. एकूण मंजुरी १,१५,००० रुपये. उरलेले ७५,००० रुपये कुटुंबाने उभे करायचे. येथे विमा कंपनीने नियम मोडलेला नाही आणि इस्पितळानेही नाही. खोली निवडण्याच्या त्या पाच मिनिटांत मर्यादा कोणी पाहिली नाही, एवढेच.

या खर्चाचे गांभीर्य सरकारी पाहणीतही दिसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या जुलै २०१७ ते जून २०१८ या फेरीनुसार, बाळंतपण वगळता इस्पितळात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. त्याच पाहणीत शहरी भागातील सुमारे ८१ टक्के आणि ग्रामीण भागातील सुमारे ८६ टक्के लोकांपाशी आरोग्यखर्चाचे कोणतेही छत्र नव्हते. त्यानंतर शासकीय योजनांचा विस्तार झाला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा निश्चित आहे. तरीही शंभरातील एकोणचाळीस रुपये अजून घरालाच भरावे लागत होते.

निवृत्तीचा दिवस

नोकरीच्या मापाच्या छत्राची खरी कसोटी सेवानिवृत्तीला लागते. पगार थांबतो तेव्हाच आजारपणे सुरू होतात, आणि नेमके त्याच वेळी छत्राची दोरी मालकाच्या हातातून आपल्या हातात येते.

सेलच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी 'सेल मेडिक्लेम' ही गटयोजना आहे. ती मूलतः निवृत्त कर्मचारी आणि त्याची पत्नी किंवा पती यांच्यासाठी आहे. हप्त्याचा काही वाटा कंपनी आणि काही वाटा सदस्य भरतो, आणि नूतनीकरण ठरलेल्या मुदतीतच करावे लागते. कारखान्याचे रुग्णालय पाठीशी असल्याने भिलाईतील निवृत्तांची स्थिती इतरांहून बरी आहे. पण घरातील पुढची पिढी त्या कवचात नाही, आणि नूतनीकरणाची एक तारीख चुकली तर आयुष्यभराची सोय अडचणीत येऊ शकते.

बँक-परिवारालाही हा अनुभव नवा नाही. २५ मे २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर बँक कर्मचाऱ्यांसाठी देशव्यापी गट वैद्यकीय विमा आला. अधिकाऱ्यांना चार लाख, तर इतर कर्मचाऱ्यांना तीन लाख रुपयांचे छत्र मिळाले. सेवेत असलेल्यांचा हप्ता बँका भरू लागल्या. निवृत्तांना योजना खुली झाली, पण हप्ता स्वतः भरण्याच्या अटीवर. २०१५-१६ या पहिल्या वर्षी निवृत्तांसाठी तो सेवाकरासह अनुक्रमे सुमारे ७,५०० आणि ५,६०० रुपये होता. पुढील काही वर्षांत तो कित्येक पटींनी वाढला आणि जुन्या, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अनेकांना तो पेलवेनासा झाला.

असे का होते? विमा हा समूहाचा व्यवहार आहे. समूहात तरुण व निरोगी माणसे असतील तर त्यांच्या हप्त्यांतून आजारी माणसांचे दावे भागतात. निवृत्तांचा वेगळा गट केला की त्यात सर्वच साठीपुढचे. दावे वाढतात, म्हणून हप्ता वाढतो. हप्ता वाढला की त्यातले प्रकृतीने ठणठणीत लोक बाहेर पडतात. मागे अधिक आजारी माणसे उरतात आणि पुढच्या वर्षी हप्ता पुन्हा चढतो. हा दोष कोणा एका कंपनीच्या लोभाचा नाही. गट वयाप्रमाणे तोडण्याचा हा स्वाभाविक परिणाम आहे.

करांच्या बाबतीतही एक विसंगती आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबासाठी घेतलेल्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर माफ झाला. गटविम्यावर मात्र १८ टक्के कर कायम राहिला. म्हणजे निवृत्तिवेतनातून गटयोजनेचा ३०,००० रुपये हप्ता भरणाऱ्यावर ५,४०० रुपयांचा भार पडतो, तर तेवढ्याच हप्त्याची वैयक्तिक पॉलिसी घेणाऱ्यावर तो पडत नाही. तेवढ्यासाठी गटयोजना सोडून देणे मात्र घाईचे ठरेल, कारण साठीनंतर नवी वैयक्तिक पॉलिसी बहुधा महाग पडते आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तिच्यात नव्याने मोजावा लागू शकतो.

ई.एस.आय.मध्ये किमान पाच वर्षे विमापात्र नोकरी करून निवृत्त झालेल्यास वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचारांची सोय चालू ठेवता येते. निवृत्तीपूर्वीच वेतनमर्यादा ओलांडून बाहेर गेलेल्यांना मात्र ही सोय मिळत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने काही अटींवर अशा निवृत्तांसाठीही दार उघडण्याचा निर्णय घेतला. खुर्सीपारसारख्या वस्तीत या सोयीस पात्र असलेल्यांनी जवळच्या ई.एस.आय. कार्यालयात चौकशी करणे हिताचे आहे.

छत्राबाहेरची माणसे

पोलाद कारखान्यातील कायम कर्मचाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत घटत गेली आणि कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढले. एकाच दरवाजातून आत जाणाऱ्या, एकाच भट्टीपाशी उभे राहणाऱ्या दोघांची आरोग्यछत्रे त्यामुळे वेगळी आहेत. कंत्राटदार बदलला की नोंदणी, वर्गणी आणि ओळखपत्र यांचा सिलसिला खंडित होण्याचा धोका असतो.

भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे हा प्रश्न फार पूर्वी उभा राहिला होता. तेथील कंत्राटी खाणकामगारांना कायम कर्मचाऱ्यांसारख्या वैद्यकीय सोयी नव्हत्या. संघटनेच्या एका महिला पदाधिकाऱ्याचा बाळंतपणात मृत्यू झाल्यावर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगारांनी स्वतःचे रुग्णालय उभारण्याचे ठरविले. वर्गणी व श्रमदान यांतून उभे राहिलेले शहीद रुग्णालय ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. नोकरीने छत्र दिले नाही तेव्हा माणसांनी आपसांत समूह बांधला, हे त्याचे महत्त्व. विम्याचे मूळ तत्त्वही याहून निराळे नाही.

छत्तीसगड शासनाच्या योजनांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजनेत अंत्योदय व प्राधान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत, तर इतर शिधापत्रिकाधारकांना ५० हजारांपर्यंत उपचारसाहाय्य ठरविण्यात आले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांचे छत्र देण्यात आले. खासगी विमा किंवा ई.एस.आय. असलेल्यांनाही ते घेता येते. हे छत्र नोकरीशी जोडलेले नाही, माणसाशी जोडलेले आहे, ही त्यातील सर्वांत मोलाची बाब.

घराचा हिशेब कसा मांडावा?

नोकरीतील आरोग्यविमा टाकाऊ आहे, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. नोकरी असेपर्यंत त्याच्याइतके स्वस्त साधन नाही. मात्र ते भाड्याच्या घरासारखे आहे. राहावे आनंदाने, पण स्वतःच्या छपराची तजवीज वेळेवर करावी. त्या दृष्टीने काही व्यवहार्य सूचना :

१. घरातील प्रत्येक व्यक्तीचे नाव एका कागदावर लिहा आणि त्यापुढे छत्र कोणते, रक्कम किती, केव्हा संपणार, हे नोंदवा. ज्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, तेथून नियोजनाला सुरुवात करा.

२. हप्ता म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. पगारातील कपात, आईवडिलांचा वेगळा हप्ता, सहभागाची रक्कम, खोलीभाड्याची मर्यादा आणि बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च यांची बेरीज करा.

३. गटविम्यासोबतच, शक्यतो चाळिशीच्या आत, कुटुंबाच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी घ्या. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. नोकरीच्या काळातच तो संपून गेला, तर निवृत्तीच्या दिवशी छत्र तयार असते.

४. 'टॉप-अप' पॉलिसी स्वस्त असते, पण ती पहिल्या ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च देत नाही. तीन लाखांच्या गटविम्यावर भिस्त ठेवून तीन लाखांपुढची टॉप-अप घेतली आणि नोकरी सुटली, तर पहिले तीन लाख खिशातून द्यावे लागतील, याचे भान ठेवा.

५. नोकरी बदलताना किंवा निवृत्त होताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय असते. त्यामुळे पूर्ण केलेल्या प्रतीक्षाकाळाचे श्रेय मिळू शकते. त्यासाठी शेवटच्या दिवसापूर्वीच लेखी अर्ज करा.

६. अर्जात जुने आजार लपवू नका. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. त्याआधी मात्र तो नाकारला जाऊ शकतो.

७. नियोजित शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात दाखल होण्यापूर्वी खोलीभाड्याची मर्यादा विचारून घ्या. २०२४ च्या परिपत्रकानुसार रोकडविरहित उपचारांच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात, आणि घरी सोडतेवेळी तीन तासांत निर्णय द्यावयाचा आहे.

८. दावा अन्यायाने नाकारला असे वाटल्यास प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही. छत्तीसगडमधील तक्रारींसाठी लोकपालांचे कार्यालय भोपाळ येथे आहे.

९. विम्याच्या जोडीला इस्पितळखर्चाचा एक वेगळा निधी ठेवा. दरमहा एक हजार रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले, तरी पाच वर्षांत मुद्दलच साठ हजार होते. विम्याने न दिलेल्या फरकाच्या रकमेसाठी दागिने गहाण टाकण्याची किंवा व्याजाने उसनवारी करण्याची वेळ त्यामुळे टळू शकते.

शेवटी धोरणाविषयी एक अपेक्षा. निवृत्तांचा गट सेवेत असलेल्यांपासून न तोडणे, गटयोजनेतील ज्येष्ठांना वैयक्तिक विमाधारकांप्रमाणेच करमाफी देणे आणि कामगाराचे छत्र कंत्राटदाराऐवजी कामगाराच्याच नावाशी कायमचे जोडणे, या तीन गोष्टी घडल्या तर कुटुंबांचा भार पुष्कळ हलका होईल. त्या घडेपर्यंत प्रत्येक घराने आपले माप आपणच घेणे आवश्यक आहे.

पुढच्या महिन्याची पगारपावती किंवा निवृत्तिवेतनाची नोंद हाती येईल, तेव्हा कपातीच्या रकान्यातील ती बारीक ओळ अवश्य वाचावी. विम्याची कागदपत्रे कपाटात कोठे ठेवली आहेत, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे. आणि नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी, ठळक अक्षरांत लिहिलेली असावी.